एक नौका, दोन वह्या

एकाच सागरप्रवासावर पतीने एक आणि पत्नीने दुसरे, अशी दोन स्वतंत्र पुस्तके लिहिल्याचे उदाहरण प्रवासवाङ्मयात क्वचितच सापडते. अमेरिकन कथाकार जॅक लंडन ह्यांचे ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ हे पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी शार्मियन ह्यांचे ‘द लॉग ऑफ द स्नार्क’ त्यानंतर चार वर्षांनी, १९१५ साली बाहेर पडले. पतीचे पुस्तक आजही वाचले जाते. पत्नीच्या पुस्तकाकडे मात्र अभ्यासक पतीच्या चरित्रातले तपशील शोधण्यापुरतेच वळतात. ही दोन्ही पुस्तके आम्ही समोरासमोर ठेवून, एकातले पान संपले की दुसऱ्यातले त्याच सुमाराचे पान उघडून वाचली. असे वाचले की जे दिसते ते एकेकटे पुस्तक वाचून दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वाचकांना समुद्राचे अप्रूप सांगण्याची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावर अशी पुष्कळ घरे आहेत की ज्यांतला कर्ता पुरुष वर्षातले आठ-दहा महिने जहाजावर असतो आणि घर, शेतवाडी, मुलांच्या शाळा, म्हाताऱ्यांची आजारपणे हे सारे पत्नी एकटी निभावते. अशा घरातल्या माणसाला, पती-पत्नी एकाच नौकेवर, एकाच वाऱ्याच्या हवाली होऊन, नारळीच्या बेटांमागून बेटे पालथी घालत आहेत हे चित्र मोहक वाटल्यास नवल नाही. आम्हालाही ते वाटले होते. ‘स्नार्क’ची खरी हकीकत त्या मोहाला बरीच तडे देते.

योजना भव्य होती. जॅक आणि शार्मियन ह्यांचा विवाह नोव्हेंबर १९०५ मध्ये झाला. त्याच सुमारास कॅप्टन जोशुआ स्लोकम ह्यांचे एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले होते. कॅलिफोर्नियातल्या ग्लेन एलन येथे पोहण्याच्या डोहाकाठी गप्पा मारता मारता ठरले की आपणही नौका बांधावी आणि सात वर्षे जगभर हिंडावे. नौका दोन डोलकाठ्यांची, पाण्याच्या रेषेवर ४५ फूट लांब. लुइस कॅरल ह्यांच्या एका विनोदी काव्यातला काल्पनिक प्राणी तिला नाव देऊन गेला. अंदाजपत्रक सात हजार डॉलरचे होते; १८ एप्रिल १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप, त्यामागून आलेली माणसांची व मालाची टंचाई आणि एकूणच अनागोंदी ह्यांमुळे ते तीस हजारांच्या घरात गेले. २३ एप्रिल १९०७ रोजी नौका निघाली तेव्हा तिला गळती लागलेली होती. सत्तर अश्वशक्तीचे इंजिन जागेवरून निसटून निव्वळ ओझे बनले होते. वादळात शिडे आवरून नौकेचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवावे, तर तेही ती ऐकेना.

नौकाबांधणीचे हे प्रकरण जॅक लंडन ह्यांच्या पुस्तकातले सर्वात विनोदी प्रकरण होय. आम्ही ते हसत हसत वाचले. मात्र पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. प्रत्येक चूक सुताराची, व्यापाऱ्याची, भूकंपाची किंवा निव्वळ दैवाची आहे; मालकाने स्वतः देखरेख किती केली, ह्याचा उच्चार नाही. प्रस्तावनेत लेखकाने ‘मला आवडते’ एवढेच आपल्या साहसाचे कारण म्हणून दिले आहे आणि त्यापुढे सारे तत्त्वज्ञान लटके पडते असे म्हटले आहे. ही भूमिका प्रामाणिक आहे, पण फार सोयीचीही आहे. ज्याला आवडते त्याच्या आवडीचे बिल कोण भरतो, हा प्रश्न ह्या पुस्तकाच्या पानापानावर लेखकाला अडवतो आणि तो त्याला वळसा घालून पुढे जातो.

जॅक ह्यांच्या पहिल्या विवाहातल्या दोन मुली तेव्हा सहा आणि चार वर्षांच्या होत्या. त्या आपल्या आईपाशी कॅलिफोर्नियात राहिल्या. सात वर्षांच्या सफरीवर निघालेल्या पित्याच्या ह्या पुस्तकात आम्हाला त्या कोठे भेटल्या नाहीत. आम्ही येथे न्यायासनावर बसलेलो नाही. पण आमच्या वाचकांसारख्या कुटुंबवत्सल मंडळींना ही रिकामी जागा जाणवल्यावाचून राहणार नाही, म्हणून नोंद केली.

नौकेवर पती-पत्नी दोघेच नव्हते, हेही प्रथमच सांगितले पाहिजे. शार्मियन ह्यांच्या मावशीचे यजमान रॉस्को ईम्स कप्तान म्हणून आले होते. किनारा मागे पडल्यावर लक्षात आले की आकाशातल्या ताऱ्यांवरून नौकेचे स्थान काढण्याची विद्या त्यांना अवगत नाही. मग जॅक ह्यांनी पुस्तके उघडून ती स्वतः शिकून घेतली. ह्या विद्येभोवती दर्यावर्दी लोक कसे गूढतेचे वलय उभे करतात आणि ती हाती येताच आपणही कसे पुरोहिताच्या तोऱ्यात वावरू लागलो, हे त्यांनी स्वतःचीच थट्टा करीत लिहिले आहे. आत्मौपहासाचा हा सूर त्यांना साधतो तेव्हा ते फार चांगले लिहितात. खेरीज नौकेवर कॅन्ससचा मार्टिन जॉन्सन हा तरुण आचारी होता, हर्बर्ट स्टोल्झ हा विद्यार्थी खलाशी होता आणि तोचिगी नावाचा जपानी मुलगा केबिनची कामे करी. तोचिगीची जागा पुढे हवाईत नाकाता ह्या दुसऱ्या जपानी तरुणाने घेतली. म्हणजे ‘दोघांचा संसार’ चालवायला चार जोड हात होते. जॉन्सन ह्यांनीही १९१३ साली ह्या प्रवासावर आपले पुस्तक लिहिले. त्याचा विचार येथे केलेला नाही.

आता शार्मियन ह्यांच्या वहीकडे वळू. तिच्यात कथानक नाही, तारखा आहेत. वारा कोठून, सुकाणूवर कोणाची पाळी, कोण आजारी, जेवायला काय, समुद्राचा रंग कसा. जॅक रोज सकाळी एक हजार शब्द लिहीत, मग समुद्र खवळलेला असो वा शांत. ‘मार्टिन ईडन’ ही त्यांची प्रसिद्ध कादंबरी ह्याच प्रवासात हवाई ते ताहिती ह्या टप्प्यात लिहून झाली. हे शब्द टंकलिखित करण्याचे काम शार्मियन ह्यांचे. शिवाय त्या सुकाणूवरची आपली पाळी पुरुषांच्या बरोबरीने करीत. दुपारी जॅक मोठ्याने पुस्तक वाचून दाखवीत आणि सारी नौका ऐके. दोघे मुष्टियुद्धाचे हातमोजे चढवून व्यायामही करीत. पतीच्या पुस्तकात आठवडे एका वाक्यात उडून जातात. पत्नीच्या पुस्तकात ते एकेक दिवसाने सरतात. समुद्रावरचे आयुष्य ज्याला ठाऊक आहे तो सांगेल की ते दुसऱ्यासारखेच असते.

ह्याचा अर्थ शार्मियन थोर लेखिका होत्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या गद्यात उद्गारचिन्हे फार, विशेषणांचा सडा फार. पतीची स्तुती तर इतकी की मध्येच पुस्तक मिटून थोडे चालून यावेसे वाटते. स्वतःची थकावट, भीती, चिडचिड त्या एका ओळीत उरकतात आणि पुढच्या ओळीत सूर्यास्त आणतात. हा संकोच आम्हाला ओळखीचा आहे. बोटीवरून सुट्टीवर आलेल्या नवऱ्याला ‘सगळे ठीक होते’ एवढेच सांगणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. पण ती एक ओळ असतेच, आणि चौकस वाचकाला तेवढी पुरते.

दोन्ही पुस्तकांतला सर्वात कठीण सागरी टप्पा हवाईतल्या हिलोपासून मार्केसास बेटांपर्यंतचा. ७ ऑक्टोबर १९०७ रोजी निघालेली नौका ६ डिसेंबरला नुकुहिवा बेटाच्या ताइओहाई बंदरात नांगर टाकते. साठ दिवस, आणि वाटेत एकही शीड दृष्टीस नाही. नेहमीचे व्यापारी वारे ह्या मार्गाला प्रतिकूल असल्यामुळे शिडाची जहाजे तिकडे फिरकत नसत. गोड्या पाण्याचा मोठा साठा वाया गेला आणि उरलेले पाणी मोजून वाटावे लागले. वारा पडलेल्या पट्ट्यात अखेर पावसाने टाक्या भरल्या. जॅक ह्यांनी हे साहसाच्या चढत्या क्रमाने रंगवले आहे. मासेमारीची वर्णने तर अशी की आपल्या एखाद्या तांडेलाने मान डोलवावी. तरी साठ दिवस पन्नासेक फुटांत माणसे एकमेकांना कशी सोसतात, हे समजून घ्यायचे तर शार्मियन ह्यांचीच वही उघडावी लागते.

नुकुहिवाला पोहोचण्यामागे एक बालपणीचे स्वप्न होते. हर्मन मेल्व्हिल ह्यांनी १८४२ साली देवमाशाच्या शिकारीच्या जहाजावरून पळ काढून ह्याच बेटावरच्या टाइपी खोऱ्यात काही काळ काढला आणि १८४६ साली त्यावर पुस्तक लिहिले. ते पुस्तक वाचून लहानपणी जॅक ह्यांनी ते खोरे पाहण्याचा निश्चय केला होता. आता घोड्यावर बसून तेथे गेले, तो सारे रान माजलेले. घरांचे दगडी चौथरे तेवढे उरलेले आणि माणसे मूठभर, तीही क्षयाने व इतर व्याधींनी पोखरलेली. मेल्व्हिलने वर्णिलेला सुदृढ समाज दोन पिढ्यांत जवळजवळ नाहीसा झाला होता. ह्या रोगांपैकी बरेच बाहेरच्या जहाजांतूनच आले, हे लेखकाला कळते आणि तो ते लिहितोही. पण लगेच गोऱ्या वंशाच्या रोगप्रतिकारक शक्तीचा सिद्धान्त मांडू लागतो. जेथे शोक करायचा तेथे सिद्धान्त मांडणे ही ह्या लेखकाची खोड आहे आणि ती त्याला शेवटपर्यंत सुटत नाही.

ही खोड सुटलेली आम्हाला दोनच ठिकाणी दिसली. आणि आमच्या मते तीच दोन प्रकरणे पुस्तकाचे सार होत.

पहिले ताहा बेटाचे. ताहितीच्या वायव्येस असलेल्या ह्या बेटावरचा तेहेई नावाचा कोळी आपल्या लहान होडीतून ‘स्नार्क’पाशी येतो आणि जोडप्याला घरी घेऊन जातो. घर लहान, गवती. तेहेईची पत्नी बिहौरा पाहुण्यांची व्यवस्था अशा नेटकेपणाने पाहते की हे जगप्रसिद्ध लेखक आणि त्यांची पत्नी प्रथमच ओशाळतात. परत निघताना फळे, कोंबड्या, कंदमुळे ह्यांनी नौकेचे तक्तपोस भरून जाते. पाय ठेवायला जागा उरत नाही. येथे जॅक ह्यांचे वाक्य आखूड होते, ‘मी’ कमी होतो, कसलाही सिद्धान्त निघत नाही. त्यांना घ्यावे लागले, आणि परत देण्यासारखे त्यांच्याजवळ काही नव्हते. पाहुणा म्हणून बसलेला माणूस घराचे बारकावे पाहतो. मालक म्हणून उभा असलेल्याला ते दिसत नाहीत. पुढच्या बोराबोरा बेटावरच्या सामुदायिक मासेमारीचे प्रकरणही ह्याच सुरातले. होड्यांची रांग दोराला बांधलेले दगड पाण्यावर आपटीत मासे किनाऱ्याकडे हाकलते आणि उथळ पाण्यात बायका पाय रोवून कुंपणासारख्या उभ्या राहतात. आपल्याकडच्या रापणीची आठवण यावी असा तो गजर आहे. शेवटी मासा एकही लागत नाही! कोणी खिन्न होत नाही, आणि लेखकही होत नाही.

दुसरे ठिकाण मोलोकाई. ते प्रवासाच्या क्रमाने आधीचे, जुलै १९०७ मधले. हवाईच्या आरोग्य मंडळाच्या संमतीने लंडन दांपत्य कलाउपापा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सुमारे आठवडाभर राहिले. फादर डेमियन ह्यांचे नाव आमच्या वाचकांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेले असते. १८७३ साली ते ह्या वसाहतीत आले, सोळा वर्षे राहिले, त्याच रोगाने १५ एप्रिल १८८९ रोजी वारले आणि २००९ साली संतपदाला पोहोचले. लंडन दांपत्य तेथे गेले त्या वर्षी मदर मरियान कोप, ज्यांना २०१२ साली संत म्हणून घोषित करण्यात आले, कलाउपापातच सेवा करीत होत्या. डेमियन गेल्यानंतर सुमारे महिन्याभराने रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तेथे आठवडाभर राहून गेले होते. तेव्हा एखाद्या भाविक वाचकाची अपेक्षा असते की हे प्रकरण त्या थोर त्यागाविषयी असेल. तसे ते नाही, आणि आम्हाला ते तसे नाही हेच बरे वाटले. जॅक लंडन लिहितात ते घोड्यांच्या शर्यतीविषयी, वाद्यवृंदाविषयी, ४ जुलैच्या पहाटे चित्रविचित्र सोंगे घेऊन गाढवा-घोड्यांवरून निघालेल्या मिरवणुकीविषयी, आणि नेमबाजीच्या मंडळात रोगी व निरोगी एकाच बंदुका हाताळीत खांद्याला खांदा लावून उभे असल्याविषयी. ह्या वसाहतीविषयी बाहेर पसरलेली भयकथा अतिरंजित आहे, येथे माणसे हसतात, भांडतात, पैजा लावतात, एवढेच त्यांना सांगायचे आहे. शार्मियन ह्यांनी हवाईतल्या महिन्यांची आपली टिपणे ‘अवर हवाई’ ह्या १९१७ च्या स्वतंत्र पुस्तकात दिली. कलाउपापाची त्यांची आठवणही तेथे वाचावी.

ह्या प्रकरणाला मर्यादा नाहीत असे नाही. रोग्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा लेखक निमूट मान्य करतो. १८६६ पासून तेथे माणसे घरच्यांपासून तोडून आणली जात होती. हवाईतली ही सक्ती १९६९ साली उठली. आईपासून तोडलेल्या मुलाचे दुःख शर्यतीच्या दिवशी दिसत नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक लागली. ज्या भयाला त्यांनी येथे इतक्या तळमळीने खोटे ठरवले, तेच भय ‘कूलाउ द लेपर’ ह्या पुढच्या कथेत त्यांनी झडलेल्या अवयवांच्या वर्णनांनी पुन्हा बाजारात आणले. हवाईच्या लोकांना त्यांच्या अशा कथा रुचल्या नाहीत, आणि ती नाराजी अनाठायी नव्हती. पाहुणा घरी परतला की त्याचा पुन्हा लेखक होतो, आणि लेखकाला गिऱ्हाईक सांभाळायचे असते. तरीसुद्धा मूळ प्रकरण उभे राहते. आठवडाभर तरी हा माणूस आपल्या भीतीपलीकडे पाहू शकला.

ह्याउलट सॉलोमन बेटांची प्रकरणे. १९०८ च्या मध्यास ‘स्नार्क’ तेथे पोहोचली. जोडपे ग्वाडलकनाल बेटावरच्या एका मळ्यात उतरले आणि मळ्यासाठी मजूर गोळा करणाऱ्या ‘मिनोटा’ ह्या नौकेवरून मलाइता बेटाकडे गेले. नौकेच्या कठड्यावर काटेरी तारा, सर्वांपाशी शस्त्रे, शार्मियन ह्यांच्या कमरेलाही पिस्तूल. आधीचा कप्तान ह्याच नौकेवर मारला गेला होता आणि कुऱ्हाडीच्या खुणा दारावर ताज्या होत्या. मालू येथे ‘मिनोटा’ प्रवाळाच्या खडकावर चढली आणि भोवती होड्या जमल्या, तो प्रसंग थरारक आहे ह्यात शंका नाही. परंतु त्या होड्यांतली माणसे अशी का वागतात, मजूर म्हणून गेलेले त्यांचे मुलगे कोणत्या स्थितीत परत येतात अथवा येत नाहीत, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही गंभीरपणे विचारीत नाही. बेटवासीयांविषयीची भाषा उपहासाची आहे. काही जागी ती वाचवत नाही. पतीच्या पुस्तकात हे आढळले तेव्हा आम्हाला फारसे आश्चर्य वाटले नाही. पत्नीच्या वहीतही तेच आढळले तेव्हा वाईट वाटले, कारण दैनंदिनी तरी अधिक सावध असेल असे आम्ही मनाशी धरले होते. कमरेला पिस्तूल लावून कोणाच्या अंगणात गेले म्हणजे त्या अंगणातले फारसे काही नजरेस पडत नाही.

इकडे शरीरे खचत होती. हिवताप सर्वांना, चिघळणारी क्षते बहुतेकांना. जॅक स्वतः हौशी वैद्य बनून जालीम औषधांनी क्षते जाळीत. त्याचेही एक विनोदी प्रकरण आहे. त्यांच्या हातांची त्वचा थरावर थर सुटू लागली, बोटे सुजली. नोव्हेंबर १९०८ मध्ये दोघे आगबोटीने सिडनीला गेले, तेथे जॅक ह्यांच्यावर भगंदराची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांना हातांच्या व्याधीचे निदान होईना. सात वर्षांची सफर दीड वर्षाच्या थोडी पुढे जाऊन थांबली. पुढे एका लष्करी वैद्याचे पुस्तक वाचून जॅक ह्यांनी ठरवले की उष्ण कटिबंधातला प्रकाशच गोऱ्या त्वचेला नाशकारक असतो आणि आपली व्याधी त्यातूनच आली. आज कोणी तो सिद्धान्त मानीत नाही. पुन्हा तीच खोड! तीस हजारांची नौका फार कमी किमतीला विकली गेली आणि त्याच बेटांमध्ये व्यापारी कामाला लागली. जॅक १९१६ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारले. शार्मियन १९५५ पर्यंत जगल्या.

ज्यांना इंग्रजी वाचनाचा सराव आहे त्यांनी ही दोन्ही पुस्तके मिळवावीत. प्रथम पतीचे ताहा बेटाचे प्रकरण वाचावे, लगेच पत्नीच्या वहीतली त्याच दिवसांची पाने वाचावीत आणि मगच मागे जाऊन नौकाबांधणीपासून सुरुवात करावी. त्या ताहा बेटावरून निघताना तेहेई ‘स्नार्क’वर खलाशी म्हणून चढला होता. समोआ, फिजी करीत तो थेट सॉलोमनपर्यंत गेला, तेथल्या तापात सापडला. बिहौरा मात्र मागे राहिली. तेहेईविषयी दोन्ही पुस्तकांत पुढे पुष्कळ मजकूर आहे. तिच्या त्या महिन्यांची वही कोणी ठेवलेली नाही.